शुक्रवारी सापडू दे

समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्रात डुंबायला फुरसत नसते. हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने आमच्या लिथारी बेटावरच्या कालिरोईला ऑगस्टात गाठून दाखवावं. ती एकतर गच्चीवर चादरी वाळत घालत असते, नाहीतर कुणा पाहुण्याच्या न्हाणीघरात तुंबलेल्या मोरीशी तिचं भांडण चाललेलं असतं, आणि दोन्हीकडे नसली तर समजावं की ती पाहुण्यांना विचारते आहे, "काय घेणार? कॉफी? अंडं? अंजीर काढून देऊ का झाडावरची?"

बंदराच्या वरच्या अंगाला तिच्या पाच खोल्या आहेत. सगळा उन्हाळा त्या भरलेल्या. पाहुणे गच्चीत बसतात, खाली निळं पाणी बघतात आणि डोळे ओले करून म्हणतात, "कालिरोई, किती भाग्यवान गं तू! स्वर्गात राहतेस!" ती हसते. स्वर्ग तर खराच, पण स्वर्गातल्या चादरी कोण धुतं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ऑगस्टात तिचा पाय पाण्याला लागला तो फक्त फरशी पुसताना.

मागच्या वर्षी हंगाम संपता संपता एक बेल्जियमची म्हातारी निघताना सहज विचारून गेली, "आणि तू गं? तू सुट्टीला कुठे जातेस?"

कालिरोई म्हणाली, "नोव्हेंबरात ऑलिव्ह झोडायला जाते."

म्हातारी खो खो हसली. तिला तो विनोद वाटला. बोट गेली, पण तो प्रश्न कालिरोईच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला. भात खा, पाव खा, उतरेचना.

थंडीत बेट ओस पडलं, वाऱ्याने खुर्च्या उडायला लागल्या, तेव्हा कुठे तो काटा खाली उतरला. तोवर तिचं ठरलं होतं. सुट्टी घ्यायची. खरीखुरी, पाहुणे घेतात तशी. कुठे? आता तुम्हाला वाटेल बाई पॅरिसला जाईल, बर्फ बघायला जाईल. छे! जिथे अर्धं जग येतं तिथेच तिला जायचं होतं: ग्रीसच्या बेटावर, समुद्रकिनाऱ्यावर, छत्रीखालच्या आरामखुर्चीत आडवं पडायला. आपण पडलेलं असावं, कुणीतरी वाकून "काय घेणार?" म्हणून विचारावं, आणि उठायला लागू नये. एवढीच इच्छा. आणि असं ठिकाण होतंही. डोंगरापलीकडे आमुदीच्या वाळूवर अथेन्सच्या कुणा शेठने रिसॉर्ट बांधलं होतं. तिच्या गच्चीतून डोंगर नसता तर दिसलंही असतं.

आता आपल्याच बेटावर, आपल्या घरापासून बसने जाण्याच्या अंतरावर, हॉटेलात जाऊन राहायचं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे बाई हॉटेलात राहिली तर त्याची दोनच कारणं असतात. नवऱ्याशी फाटलं, नाहीतर डोकं फिरलं. त्यातून आमुदीला स्ट्राटिसची, म्हणजे कालिरोईच्या नवऱ्याची, चुलतबहीण अस्पासिया राहते. नातेवाईक गावात असताना पैसे मोजून खोली घ्यायची म्हणजे तिच्या दारात चिखल फेकल्यासारखंच. आणि अस्पासियाकडे उतरावं तर सकाळ उजाडायच्या आत हातात सुरी आणि पुढ्यात पोतंभर भोपळे. ती कसली सुट्टी! फक्त चादरींच्या जागी भोपळे येतात.

तेव्हा जायचं तर गुपचूप.

मार्चात एका दुपारी स्ट्राटिस कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळायला गेला. बायकोवर त्याचा फार जीव, पण तो जीव बहुतेक वेळ कॉफीच्या दुकानात बसलेला असायचा. तो गेल्यावर कालिरोईने दार लावलं आणि रिसॉर्टला फोन केला. आवाज जरा नाकातून काढला.

"मी लारिसाहून बोलतेय. ऑगस्टच्या शेवटी एक खोली हवी होती. समुद्र जवळ आहे ना हो?"

पलीकडून आवाज आला, "दोन मिनिटांवर, मॅडम!"

कालिरोईच्या अंगावर काटा आला. हेच उत्तर ती गेली कित्येक वर्षं फोनवर देत होती. तिच्याकडून समुद्र दोन मिनिटांवर होता तो फक्त बकरीसाठी. माणसाला वेळ लागायचा.

"आणि डास?"

"नाव घेऊ नका, मॅडम. वारा असतो ना इथे."

"पाणी गरम असतं? चोवीस तास?"

"चोवीस तास!"

एकेक थाप तिने ओळखली. सगळ्या आपल्याच घरच्या, ओळखीच्या. पण आज त्या तिला कुणीतरी मारत होतं! पाहुणी म्हणून आपल्याला कुणी फसवतंय, या आनंदाने ती इतकी हरखली की तिने विनाकारण आणखी दोन प्रश्न विचारले, खिडकीतून सूर्यास्त दिसतो का आणि कोंबडा आरवतो का. सूर्यास्त दिसतो आणि कोंबडा नाही, असं उत्तर आलं. म्हणजे कोंबडा आहे, हे तिला कळलं. तिने खोली पक्की केली.

मग तयारी. पोहायचा पोशाख तिने कपडे विकत फिरणाऱ्या गाडीवाल्याकडून घेतला, "भाचीसाठी" म्हणून. गाडीवाला म्हणाला, "भाची बरीच धट्टीकट्टी दिसते, काकू." पोशाखावर एवढं मोठं सूर्यफूल होतं, नेमकं पोटावर. तो तिने पावट्याच्या डब्यात लपवला, कारण त्या घरात स्ट्राटिसने आजवर कधी डबा उघडला नव्हता.

सगळ्यात अवघड तयारी आडवं पडण्याची. जूनमध्ये रिकाम्या खोलीत पलंगावर पडून तिने सराव करून पाहिला. डोळे मिटले. हात पोटावर ठेवले. थोड्या वेळाने बघते तर उजव्या हाताने चादरीची घडी घालायला घेतलेली! तिने उजवा हात डाव्याने धरून ठेवला. मग डावा पाय खाली उतरून जमिनीवरचा केर बाजूला सारायला लागला. 'हे शरीर माझं नाहीच,' ती मनाशी म्हणाली, 'हे खोल्यांच्या मालकीचं आहे.'

राहता राहिली बाहेर पडायची युक्ती. ती तिने अशी काढली की बोटीचा कप्तानही चाट पडला असता. घरात सांगितलं, "गुडघे दुखतायत. पिरेअसला बहिणीकडे जाऊन डॉक्टरला दाखवते." पिरेअसच्या बहिणीला, पोलिक्सेनीला, विश्वासात घेतलं. आणि आमची बोट, बघा, बंदरातून सुटली की आधी बेटाला वळसा घालते, आमुदीच्या धक्क्याला टेकते आणि मग पिरेअसचा रस्ता धरते.

निघायच्या दिवशी बंदरावर सगळं गाव. बोटीला निरोप द्यायला येणं हा आमच्याकडे अर्धा धर्मच आहे. स्ट्राटिस आला. त्याची मोठी बहीण एवांथिया आली. ती शेजारीच राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि वहिनीच्या घरातलं पान तिच्या मताशिवाय हलू नये असं तिला वाटायचं. पान हलायचं, ती गोष्ट वेगळी.

"फोन घेतलास का, वहिनी?"

"नाही हो, वन्सं. पाहुणे त्याच फोनवर करतात ना. तो यांच्याकडे ठेवलाय."

"आणि डॉक्टर गुडघे कापा म्हणाला तर कापू देऊ नकोस हो! आधी मला विचार."

"विचारीन."

कालिरोईने कठड्याशी उभं राहून रुमाल हलवला. भूशिर आड येईपर्यंत हलवत राहिली, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. कॉफी गार व्हायच्या आत बोट डोंगराला वळसा घालून आमुदीला लागली आणि ती गुडघे न दुखवता उडी मारून उतरली.

सुट्टी करणं हे काही लहानपणी शिकल्याशिवाय येत नाही. पहिल्या सकाळी खोली साफ करायला द्रिता आली. अल्बानियाची, कालिरोईच्याच वयाची, दंडांनी दणकट. बघते तर पलंग आवरलेला, फरशी पुसलेली, आणि पाहुणी न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून नळाचे पांढरे डाग व्हिनेगरने घासतेय.

"बाई, हे काय चालवलंय?"

"तुमचं व्हिनेगर पातळ आहे हो. यानं निघत नाही. मी सांगते..."

"बाई," द्रिताने कमरेवर हात ठेवले, "उद्या तुम्ही पलंग आवरलात ना, तर मी साहेबांकडे तुमची तक्रार करीन. चला, बाहेर! समुद्र तिकडे आहे."

अशी हाकलली गेली म्हणून कालिरोई किनाऱ्यावर आली. आरामखुर्चीत पडली. शेजारच्या बाईचा टॉवेल वाळूत पडला होता तो उचलून झटकला, घडी करून ठेवला. पुन्हा पडली. मग पट्टेरी सदऱ्यातला सेराफिम वाकून उभा राहिला. तो किनाऱ्यावरचा बार सांभाळायचा.

"काय घेणार, मॅडम?"

आला तो क्षण. ज्यासाठी मार्चपासून खोटं बोलत होती तो. आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग म्हणाली, "जे... जे असेल ते."

दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा "काही उरलं असेल तर" म्हणाली. पण त्या दिवशी ती पाण्यात उतरली. पाठीवर पडून तरंगली. पोटावरचं सूर्यफूल आकाशाकडे बघत होतं, आणि तिचे दोन्ही हात आपापल्या जागी गप्प पडून होते. कुणाच्याही चादरीची आठवण न येता ती एवढा वेळ तरंगली की पाण्याबाहेर आली तेव्हा बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. बुधवार उजाडला आणि तिने स्वतःहून हात वर केला: "ए सेराफिम! लिंबू सरबत. बर्फ भरपूर, साखर बेताची, आणि त्यात पुदिन्याची झुडपं खोचू नकोस!" शेजारच्या खुर्च्यांवरच्या बाया वळून बघायला लागल्या. कालिरोईला सुट्टी जमली होती. शनिवारपासून नवे पाहुणे येणार होते, म्हणून शुक्रवारच्या बोटीने परतायचं होतं. बुधवार ते शुक्रवार, ही सगळी मालमत्ता तिची एकटीची होती.

इकडे घरी काय झालं ते बघा. स्ट्राटिसला पहिल्याच दिवशी कॉफीचा डबा सापडेना. त्याने पोलिक्सेनीकडे फोन केला.

"मेव्हणीबाई, कालिरोईला बोलवा जरा."

पोलिक्सेनीने आयुष्यात कधी थाप मारली नव्हती. ती घाबरली. "ती... आंघोळीला गेलीय."

दुपारी पुन्हा फोन. "आंघोळ करतेय."

संध्याकाळी फोन. "अजून आंघोळच."

"अहो, सकाळपासून?"

"पिरेअसला फार घाम येतो हो," असं म्हणून पोलिक्सेनीने फोन ठेवला आणि देवापुढे मेणबत्ती लावली. तसं पाहिलं तर ती फार खोटं बोलत नव्हती. कालिरोई पाण्यापासून दोन पावलांवरच होती.

दुसऱ्या दिवशीही आंघोळ चालूच असल्याचं कळलं तेव्हा स्ट्राटिस बहिणीकडे गेला. चेहरा उतरलेला. त्याच्या मांडीवर कॉफी सांडलेली होती आणि अंगात सदरा उलटा होता.

"ताई, ती तिथे नाहीये. ती गेली मला सोडून."

"तुला सोडून? आत्ता?" एवांथिया म्हणाली. "जायचं होतं तर तू सोंगट्यांत बोकड हरलास तेव्हाच गेली असती. हरवलीय ती. थांब, मी केक करते."

आमच्याकडे काही हरवलं की पोलिसांकडे जात नाहीत, संत फानूरिओसाकडे जातात. हरवलेलं दाखवून देणं हेच त्याचं काम. त्याच्या नावाने केक करायचा, अंडं नाही, लोणी नाही, तेल, पीठ, संत्र्याचा रस, मनुका, अक्रोड, दालचिनी. देवळात नेऊन फादरकडून मंत्रवून आणायचा आणि वाटायचा. जितक्या जास्त तोंडांना लागेल तितकं लवकर सापडतं. खाणाऱ्याने मात्र हरवलेलं सापडू दे असं मनापासून म्हणायला हवं, आणि जाता जाता संताच्या आईसाठीही दोन शब्द. ती बाई म्हणे फार कजाग होती, मेल्यावरही तिची सुटका झालेली नाही. जगाच्या किल्ल्या शोधून देणाऱ्या पोराला आईसाठी तेवढं जमलं नाही, घरोघरी हीच कथा.

किल्ली हरवली की एवांथिया छोट्या भांड्यात केक करायची. कोकरू हरवलं तर मोठ्या. वहिनीसाठी तिने लग्नकार्यातला सगळ्यात मोठा ट्रे काढला. आणि सवयीप्रमाणे त्यात लवंग घातली. एवांथियाच्या केकमध्ये लवंग इतकी असायची की खाणाऱ्याची जीभ बधिर होऊन त्याला काही काळ खोटं बोलता येत नसे. ते फार चांगलं, असं तिचं म्हणणं. पंचवीस-तीस वर्षं कालिरोई सांगत आली होती, "वन्सं, लवंग जरा कमी!" भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने ऐकलं असतं.

अर्धं गाव खाऊन झालं तरी केक उरला. तेव्हा तिने बसचालक आर्गिरिसच्या हातात पुडकं दिलं. "आमुदीला वाट. कालिरोई हरवलीय असं नाव घेऊन सांगू नकोस हो, अब्रूचा प्रश्न आहे. गावातली एक बाई हरवलीय, एवढंच म्हण."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा तो केक बसमध्ये बसून डोंगराला वळसा घालत निघाला.

बुधवारी दुपारी सेराफिम कालिरोईपुढे वाकून उभा राहिला. आज हातात सरबताबरोबर एक बशी होती.

"मॅडम, हे आमच्याकडून. मंत्रवलेला केक आहे. पलीकडच्या गावातली कुणी बाई हरवलीय बिचारी. खा, आणि सापडू दे म्हणा."

कालिरोईने बशीकडे पाहिलं. तुकडा पाहून काही कळलं नाही. वास आला आणि कळलं. ती अशी ताडकन उठून बसली की पोटावरच्या सूर्यफुलाची घडी पडली.

काय करावं? खावा, तर सापडू दे म्हणावं लागणार. म्हणजे स्वतःच स्वतःला पकडून द्यायचं! न खावा, तर मंत्रवलेला घास नाकारायचा. ते पाप तिच्याने झालं नसतं. तिने तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचा प्रयत्न केला, पण सेराफिम हलेना. त्याची आजी फार देवभोळी होती म्हणे.

"खा ना, मॅडम. बिचारीची पोरंबाळं वाट बघत असतील."

"पोरं नाहीत तिला," कालिरोई पटकन म्हणून गेली. मग सावरून घेतलं. "नसतीलही, असं म्हणते."

शेवटी तिने डोळे मिटले, तुकडा तोंडात टाकला आणि मनातल्या मनात संताशी सौदा केला. 'बाबा फानूरिओस, सापडू दे. जरूर सापडू दे. पण शुक्रवारी. आज बुधवार आहे, तुला इतकी कामं आहेत, लोकांच्या किल्ल्या आहेत, कोकरं आहेत, माझी घाई नाही. आणि तुझ्या आईलाही दोन दिवस सुट्टी मिळू दे, तिला मिळाली नसणार.'

इथवर सगळं ठीक झालं होतं. पण केक गिळताना जीभ बधिर झाली आणि एवांथियाचं म्हणणं खरं ठरलं. खोटं बोलता येईना.

"अगं बाई गं," ती ठसका लागून म्हणाली, "लवंग नेहमीसारखी जास्तच!"

सेराफिम हसला. हसत हसत त्याने ते बसचालकाला सांगितलं. आर्गिरिस डोक्याने जरा सावकाश, पण तोंडाने बसपेक्षा वेगवान. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात त्याने मोठ्याने सांगितलं, "ऐकलंत का, एवांथियाच्या केकची कीर्ती रिसॉर्टपर्यंत गेली! लारिसाची कुणी मॅडम म्हणते, लवंग नेहमीसारखी जास्तच!"

सगळे हसले. स्ट्राटिसने सोंगटी हातात धरली ती तशीच धरून राहिला. लारिसाच्या बाईला नेहमीचं काय माहीत? सगळ्या जगात हे वाक्य म्हणणारी एकच बाई होती. त्याने सोंगटी खाली ठेवली आणि डाव अर्धवट टाकून उठला. बोकड हरलेल्या दिवशीसुद्धा तो अर्ध्या डावातून उठला नव्हता.

गुरुवारी सकाळी तो मोटरसायकलवर आमुदीला पोचला. अंगात तोच सदरा, आता सुलटा. पायांत जड बूट. वाळूत रुतत रुतत तो आरामखुर्च्यांच्या रांगेतून चालला. कालिरोईने त्याला लांबूनच पाहिलं. टोपी खाली ओढली आणि मांजर दूध पिताना मिटतं तसे डोळे मिटले. बुटांचा आवाज जवळ आला, समोरून गेला. परत आला. पुन्हा गेला. मग तिच्याच खुर्चीशी थांबला.

"मॅडम," स्ट्राटिस मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "प्लीज. माझी बायको. अशी, एवढी उंच. कामात असते. पाहिली?"

कालिरोईने डोळे उघडले. तो तिच्या तोंडाकडेच बघत होता. टोपी होती, उन्हाने नाक लाल झालं होतं, हे सगळं खरं. पण समोर असलेली बायकोच तो शोधत होता, आणि ती त्याला दिसत नव्हती. दिवसाउजेडी, रिकाम्या हातांनी आडवी पडलेली कालिरोई त्याने उभ्या जन्मात पाहिलीच नव्हती. तिला हसू यायला हवं होतं. आलंही. पण त्याच्या मागोमाग असा हुंदका आला की तिला स्वतःचाच राग आला.

"स्ट्राटी," ती ग्रीकमध्ये म्हणाली, "बूट काढ. वाळू जातेय त्यात."

तो शेजारच्या खुर्चीच्या कडेवर धपकन बसला. बराच वेळ सूर्यफुलाकडे बघत राहिला.

"तू गेलीस असं वाटलं मला."

"कुठे जाणार? डोंगरापलीकडे तर आलेय."

"सांगून आली असतीस."

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, घरी काय समुद्र नाही का?"

स्ट्राटिस अगदी हेच म्हणणार होता. मग त्याने सांगितलं की कॉफीचा डबा अजून सापडलेला नाही. एका पाहुण्याच्या खोलीतली चादर त्याने बदलली, पण तिचे कोपरे कुठे जातात ते त्याला कळलं नाही, म्हणून त्याने गाठी मारल्या. सगळ्या चादरी एका दिवसात कशा वाळवतेस गं तू? तो हे इतक्या गंभीरपणे विचारत होता की कालिरोई खुर्चीत उठून बसली.

तेवढ्यात सेराफिम आला. "साहेब, काय घेणार?"

सवयीने स्ट्राटिस बायकोकडे वळला. 'मी काय घेतो गं?' हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता, ते तिला दिसलं. पण तो थांबला. बुटातली वाळू झटकून झटकून त्याने वेळ काढला आणि मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुला काय हवंय, कालिरोई?"

सेराफिमला ती झटकन सांगायला शिकली होती. इथे पुन्हा तिची वाचा गेली. लिंबू सरबत, बर्फ, पुदिना, सगळं विसरली.

"शुक्रवार," ती शेवटी म्हणाली. "मला शुक्रवारपर्यंत सापडायचं नाहीये."

स्ट्राटिसने मान हलवली. पाण्याचा ग्लास एका घोटात संपवला, बूट हातात घेतले आणि अनवाणीच मोटरसायकलकडे निघाला. गावात शिरल्यावर एवांथियाने दारातच अडवलं, "काय रे, सापडली का?"

"नाही गं ताई," स्ट्राटिस म्हणाला. आणि सोंगट्यांत लबाडी करतानाही त्याचा चेहरा कधी इतका सरळ राहिला नव्हता. "आणखी एक केक कर."

तो दुसरा केकही शुक्रवारी सकाळच्या बसने आमुदीला पोचला. कालिरोईने दोन तुकडे मागून घेतले, एक द्रिताला दिला आणि लवंग चावत चावत शेवटचं तरंगून घेतलं. दुपारी ती पिरेअसहून येणाऱ्या बोटीत चढली आणि थोड्याच वेळात भूशिराआडून रुमाल हलवत बंदराला लागली. सगळं गाव धक्क्यावर होतं. कालिरोईचं नाक लाल, खांदे तपकिरी, चपलांच्या पट्ट्यांखाली पांढऱ्या रेघा.

"पिरेअसला ऊन फार होतं," ती म्हणाली.

"असतंच," स्ट्राटिस म्हणाला. इतक्यांदा आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की आर्गिरिसलासुद्धा संशय आला. मग तिची बॅग त्याने उचलली आणि पुढे चालू लागला. गावाने हे दृश्य पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे नाकाचा विषय मागे पडला.

एवांथियाने वहिनीच्या हातातली पिशवी घेतली. दोघी पायऱ्या चढू लागल्या. पिशवीच्या शिवणीतून वाळू गळत होती, पायरीपायरीवर थोडी थोडी. एवांथिया ती बघत होती. कालिरोईने पिशवी परत मागितली, पण एवांथियाने दिली नाही.

वळणावर एवांथिया थांबली. मागेपुढे कुणी नाही हे बघितलं.

"डॉक्टर लागू पडला का गं, वहिनी?"

"पडला, वन्सं."

"हं." ती पुन्हा दोन पायऱ्या चढली. "मलाही गुडघे आहेत हो."

कालिरोईने पायरीवरची वाळू पायाने बाजूला सारली.

"पुढच्या वर्षी म्हणते मी," एवांथिया तिच्याकडे न बघता म्हणाली. "मी हरवले, तर केक करशील ना तू?"

"करीन की. मोठ्या ट्रेमध्ये करीन."

"आणि लवंग भरपूर घाल. मी घालते तेवढी. म्हणजे तिथे बसून खाताना मला कळेल तरी, की मला कुणीतरी शोधतंय."

कालिरोईने तिच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली, आणि दोघी वर निघाल्या. गच्चीवर स्ट्राटिस चादर वाळत घालत होता. ती उलटी होती, पण दोघींपैकी कुणीही ती सुलटी करायला धावली नाही.